वाटेवरचे घर : चंदगडच्या घाटवाटा आणि पांथनिवासाची परंपरा

१. विषयाची मांडणी

ज्या प्रदेशात गाव दूर, पाणी दुर्मिळ आणि रात्र उघड्यावर काढणे धोक्याचे, तेथे वाटसरूसाठी घर उभारणे हे मानवी संस्कृतीच्या जुन्या कार्यांपैकी एक होय. असे घर म्हटले म्हणजे मध्य आशियातील किंवा राजस्थानातील मरुभूमी, उंटांचे तांडे आणि चौकोनी तटाच्या सराया यांचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. महाराष्ट्रात त्या अर्थाने मरुभूमी नाही आणि मराठी भाषेने या वस्तुस्थितीची नोंदही करून ठेविली आहे. ‘वाळवंट’ हा शब्द आज मरुभूमीसाठी रूढ झाला असला, तरी त्याचा जुना आणि अद्याप जिवंत असलेला अर्थ नदीकाठची वाळूची पट्टी हा होय. चंद्रभागेचे वाळवंट म्हणजे निर्जळ रण नव्हे, तर पाण्याच्या अगदी जवळची, माणसांनी गजबजलेली जागा. ज्या भाषेच्या अनुभवात रण नव्हते, तिने रणासाठी नदीकाठचाच शब्द उसना दिला.

परंतु निर्जळ आणि निराधार वाटेचा अनुभव महाराष्ट्राला अपरिचित होता, असे मात्र म्हणता येत नाही. दख्खनच्या पठारावर आणि सह्याद्रीच्या माथ्यावर असे टापू आहेत की, जेथे चार महिने पाण्याने वाट बंद होते आणि पुढे उन्हाळ्यात त्याच वाटेवर ओंजळभर पाणी मिळणे कठीण पडते. कोल्हापूर जिल्ह्याचे दक्षिण टोक असलेला चंदगड तालुका हे अशा टापूचे उत्तम उदाहरण होय. या तालुक्यातून उतरणाऱ्या घाटवाटांचा आधार घेऊन तीन प्रश्नांचा विचार येथे कर्तव्य आहे. आसपासच्या गावावर अवलंबून न राहता चालणारे वाटसरूचे घर कोणत्या साधनांवर उभे राहत असे? ते चालते कोण ठेवीत असे? आणि त्यात प्रवेश कोणाला होता? पहिल्या प्रश्नाचे उत्तर भूगोलात, दुसऱ्याचे शिलालेखांत व वतनपद्धतीत आणि तिसऱ्याचे विसाव्या शतकातील सामाजिक इतिहासात सापडते. या तिन्हींना जोडणारा धागा शब्दांच्या इतिहासाचा आहे.

२. भूमी आणि वाटा

चंदगडच्या पूर्वेस बेळगावचा सपाट मुलूख, पश्चिमेस सह्याद्रीची धार आणि तिच्याखाली सावंतवाडी, दोडामार्ग व गोमंतक अशी या भूमीची रचना आहे. ताम्रपर्णी व घटप्रभा यांचे पाणी पूर्वेकडे जाते, तर तिलारीचे पाणी कोकणात उतरते. म्हणजे हा तालुका पाणलोटाच्या माथ्यावर बसलेला आहे. राजकीय दृष्ट्याही तो सीमेवरचाच राहिला. ब्रिटिश अमदानीत तो बेळगाव जिल्ह्यात मोडत होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातून वगळलेला चंदगड कोल्हापूर जिल्ह्यास जोडण्यात आला. मराठी, कोंकणी आणि कन्नड यांच्या संगमावर घडलेली चंदगडी बोली ही या भौगोलिक स्थितीचे भाषिक फळ होय.

या माथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या वाटांत रामघाटाचे नाव जुने आहे. बेळगावाकडून वेंगुर्ल्याच्या बंदराकडे जाणारी वाहतूक या घाटाने चालत असे. वेंगुर्ल्यास सतराव्या शतकात डचांची वखार होती. १८१२ मध्ये ते बंदर इंग्रजांकडे गेले आणि १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला त्यांच्या हाती आल्यावर तेथील छावणीचा समुद्राशी संबंध याच दिशेने जोडला गेला. उत्तरेकडील पारपोली घाट, म्हणजे आंबोलीचा रस्ता, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गाड्यांसाठी अधिक सोयीचा ठरला आणि रामघाटाचे महत्त्व घटले. या वाटांवर पाळत ठेवण्यासाठी पारगड, कलानंदीगड, गंधर्वगड, महिपालगड हे दुर्ग होते. पैकी पारगडाची उभारणी शिवाजी महाराजांनी १६७६ मध्ये केली असे मानले जाते, आणि तानाजी मालुसरे यांचे पुत्र रायबा हे त्याचे पहिले किल्लेदार अशी परंपरा आहे. गोमंतकातील पोर्तुगीज सत्तेवर नजर ठेवणे हे या गडाचे प्रयोजन होते.

बेळगाव ते वेंगुर्ले हे अंतर सुमारे ७५ मैल भरते. लादलेला बैल दिवसास आठ-दहा मैलांहून अधिक चालत नाही. तेव्हा कोकणातून मीठ, नारळ, सुपारी, सुकी मासळी घेऊन वर येणारा आणि देशावरचे धान्य व गूळ घेऊन खाली जाणारा तांडा आठवडाभर वाटेवर राही. मधल्या मुक्कामांपैकी एक-दोन मुक्काम तरी घाटमाथ्याच्या जांभ्या पठारावर किंवा दाट रानात पडणार, हे उघड आहे. त्या मुक्कामांचाच येथे विचार करावयाचा आहे.

या पठारांचे भूशास्त्र लक्षात घेतल्याखेरीज वाटसरूच्या घराची जागा कशी ठरे, हे उमगत नाही. जांभा दगड सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यातून झिरपून खालच्या चिकणमातीच्या थरापर्यंत जाते, तेथे अडते आणि पठाराच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. त्यामुळे महाराष्ट्रातील अत्यंत अधिक पावसाच्या ठिकाणांत गणल्या जाणाऱ्या आंबोलीच्या शेजारचा हा सडा मार्गशीर्ष-पौषापासूनच कोरडा पडू लागतो. चैत्रात त्यावर तापलेल्या दगडाखेरीज काही उरत नाही. पाणी असते ते कडेच्या खाली. बेसाल्टच्या कातळात टाके खोदले तर ते वर्षभर पाणी धरते. तेच टाके जांभ्यात खोदले तर गळते. म्हणून सह्याद्रीच्या उत्तर भागातील घाटवाटांवर वाटसरूचे पाणी टाक्यात साठविलेले आढळते, तर दक्षिणेकडील जांभ्या मुलखात वाटसरूला झऱ्याकडे जावे लागते. पहिल्या प्रकारात पाणी वाटेवर आणता येते, दुसऱ्यात वाटच पाण्याकडे वळवावी लागते.

३. शब्दांचे थर

वाटसरूच्या निवाऱ्यासाठी मराठीत जेवढे शब्द आहेत, तेवढेच त्या संस्थेच्या इतिहासाचे थर आहेत. सर्वांत खालच्या थरात संस्कृत-प्राकृत परंपरेतून आलेले शब्द येतात. ‘पाणपोई’ या जोडशब्दातील ‘पोई’ हे पद संस्कृत ‘प्रपा’ या शब्दाशी जोडले जाते. प्राकृतात ‘प्रपा’चे ‘पवा’ होते. ‘-इका’ प्रत्ययान्त रूपाचे ‘पविआ’ आणि मग ‘अव’चा ‘ओ’ होऊन ‘पोई’. ‘लवण’पासून ‘लोण’ आणि ‘नवनीत’पासून ‘लोणी’ ज्या नियमाने झाले, त्याच नियमाने हे रूप सिद्ध होते. कान्हेरी, जुन्नर येथील लेण्यांच्या लेखांत पाण्याच्या टाक्यास ‘पोढि’ असा शब्द येतो आणि त्याच्याशी ‘पोई’चे नाते जोडण्याचा मोह होतो. तथापि प्राकृतातील स्वरमध्यस्थ ‘ढ’ मराठीत सहसा टिकून राहतो, हे ध्यानी घेता हा मोह आवरणे उचित होय. वस्तूंच्या दृष्टीनेही हा भेद अर्थपूर्ण आहे. पोढी म्हणजे साठविलेले पाणी आणि पोई म्हणजे कोणीतरी देत असलेले पाणी. पहिल्यास खोदणारा हात एकदा लागतो, दुसरीस ओतणारा हात रोज लागतो.

दुसरा थर महानुभाव वाङ्मयात दिसतो. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ एका अर्थी अखंड प्रवासाची नोंदवही आहे. श्रीचक्रधरांचा एका रात्रीचा मुक्काम तो ‘वसति’ आणि अधिक काळाचा तो ‘अवस्थान’, असा काटेकोर भेद महानुभावांनी पाळला. या वसती बहुधा देवळांत, मढांत घडतात. स्थळांचे वर्णन करणाऱ्या ‘स्थानपोथी’त देवळाच्या ‘पटिशाळे’चा निर्देश वारंवार येतो. ‘प्रतिशाला’ या शब्दापासून आलेली ही पटिशाळा आजच्या घरातील ‘पडसाळ’ होय. म्हणजे आज घरमालकाची मानली जाणारी ही जागा नावाने देवळाच्या त्याच बाह्य भागाशी जोडलेली आहे, जेथे वाटसरू टेकत असे.

याच काळातील ‘बिढार’ हा शब्द चंदगडच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. कन्नडमध्ये ‘बीडु’ म्हणजे तळ, छावणी आणि ‘बिडार’ म्हणजे उतरण्याची जागा. मराठीत तो ‘बिढार’ आणि पुढे वर्णविपर्यय होऊन ‘बिऱ्हाड’ झाला. तळ ठोकून राहण्याचा शब्द संसार थाटण्यासाठी वापरला जाऊ लागला, ही अर्थाची वाटचाल मोठी बोलकी आहे. त्यात प्रवास मात्र पूर्णपणे पुसला गेला नाही. पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडण्याची भाषा मराठी माणूस अद्याप करतो.

तिसरा थर फारसी-अरबी शब्दांचा. सराई, मुसाफिर, मुक्काम, मजल हे शब्द सैन्याच्या आणि व्यापाराच्या हालचालींबरोबर आले. ‘मजल दरमजल’ हा वाक्प्रचार ‘मंझिल’ या शब्दाचे मराठीकरण होय. अरबीत ‘मंझिल’ म्हणजे उतरण्याची जागा; मराठीत ‘मजल’ म्हणजे दोन उतारांमधले अंतर. मूळ शब्द विसाव्याचा होता, तो मराठीत चालण्याचा झाला. चौथा थर ‘डाकबंगला’ आणि ‘मुसाफिरी बंगला’ यांचा. बंगालातल्या घराचे नाव इंग्रजांच्या बांधकाम खात्याने देशभर फिरविले आणि ते चंदगडच्या घाटमाथ्यापर्यंत पोहोचले.

या सर्व शब्दांपासून ‘पाहुणा’ हा शब्द वेगळा ठेविला पाहिजे. ‘प्राघुण’पासून आलेला पाहुणा हा घराशी आधीच जोडलेला असतो, त्याचे गाव, कूळ, नाते ठाऊक असते. वाटसरू हा त्याच्या उलट. त्याच्याविषयी काहीच ठाऊक नसते आणि म्हणूनच त्याला विचारले जाते. तो काय म्हणून सांगतो, यावर त्याला पाणी मिळणार की नाही, हे ठरत असे. या प्रश्नाकडे पुढे वळावयाचे आहे.

४. दगडात कोरलेली व्यवस्था

वाटेवर पाणी आणि निवारा देणे हे राजाचे कर्तव्य म्हणून भारतात प्रथम दगडावर नोंदविले ते अशोकाने. दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी व जनावरांसाठी विहिरी आणि झाडे यांचा उल्लेख आहे. सातव्या स्तंभलेखात वडाची झाडे, आमराया, विहिरी आणि पाणपोया यांची यादी आहे. त्यात विहिरींचे अंतर सांगणारे ‘अढकोसिक्य’ हे पद अभ्यासकांत वादाचा विषय झाले. त्याचा पूर्वार्ध ‘अर्ध’ मानावा की ‘अष्ट’, यावर अर्ध्या कोसाला एक विहीर की आठ कोसांना एक, हे अवलंबून आहे. एका अक्षराच्या व्युत्पत्तीवर सोळापट अंतर ठरते, आणि ते अंतर तहानलेल्या वाटसरूच्या पायांनी मोजावयाचे असते. त्याच लेखातील ‘निंसिढया’ या शब्दाचा अर्थ कोणी विश्रामगृह असा करतात, तर कोणी पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या असा करतात.

महाराष्ट्रापुरते पाहता नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्याचा लेख या विषयाचा सर्वांत संपन्न आधार होय. क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याची दाने त्यात नोंदविली आहेत. लेख इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातील आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे अनुक्रमे भडोच, मंदसोर, नाशिकजवळचे गोवर्धन आणि सोपारा, येथे त्याने चौसोपी निवासगृहे दिली, बागा, तळी व विहिरी केल्या. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि दाहणुका या नद्यांवर विनामूल्य तरी ठेविल्या आणि त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर ‘सभा’ व ‘प्रपा’, म्हणजे विसाव्याचे मंडप आणि पाणपोया, उभारल्या.

या यादीत दोन गोष्टी लक्ष वेधून घेतात. पहिली ही की, निवारे कोठे आहेत? शहरांत आणि नदीतीरांवर. म्हणजे जेथे वाटसरूचा प्रवास अडतो, तेथे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. उषवदाताने वास्तू दिल्या तशीच वास्तू चालविण्याची तरतूदही केली. चरकांच्या, म्हणजे फिरत्या परिव्राजकांच्या पर्षदांना त्याने बत्तीस हजार नारळींचे दान दिल्याचा उल्लेख आहे. लेण्यातील भिक्षूंसाठी त्याने तीन हजार कार्षापण अक्षयनीवी म्हणून ठेविले. पैकी दोन हजार एका विणकर श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मूळ रकमेस हात न लावता केवळ व्याज खर्चावयाचे, ही या व्यवस्थेची अट होती. वास्तू बांधणे हे पुण्य एका दिवसाचे. ती चालू ठेवणे हा हिशेब दर महिन्याचा. दुसऱ्या शतकातील दात्यास हा भेद स्पष्टपणे कळलेला होता.

नाणेघाटातील सातवाहनकालीन लेणे हे घाटमाथ्यावरच्या व्यवस्थेचे दुसरे उदाहरण. त्याच्या भिंतीवर नागनिका राणीचा प्रसिद्ध लेख आहे. वाटेच्या तोंडाशी निवारा, जवळच कातळात खोदलेली टाकी आणि परंपरेने जकातीचा मानला जाणारा दगडी रांजण, असे तेथील दृश्य आहे. राज्याला वाटेचे उत्पन्न हवे असेल, तर वाटसरूला पाणी द्यावे लागते, हा व्यवहार तेथे एकाच जागी दिसतो.

५. घराचे अंतरंग

घाटमाथ्यावरचे वाटसरूचे घर स्वतःच्या बळावर चालावयाचे, तर त्यास पाच गोष्टी लागतात : पाणी, छप्पर, विस्तव, चारा आणि राखणदार. यांपैकी पाण्याचा विचार वर आलाच आहे.

छपराचा प्रश्न या भागात ऋतूनुसार पालटतो. तांड्यांचा हंगाम दसऱ्यानंतर सुरू होऊन मृगापूर्वी संपत असे. पावसाळ्यात लादलेला बैल घाटात उतरविणे शक्य नव्हते. त्यामुळे तांड्याचा निवारा मुख्यतः थंडी, ऊन आणि श्वापदे यांपासून रक्षणासाठी असे. धोधो पाऊस झेलणारे छप्पर त्यास अनिवार्य नव्हते. झाडाखालचा पार, झऱ्याकाठची मोकळी जागा, काटेरी कुंपण आणि मध्ये शेकोटी, एवढ्यावर लमाणांचा तळ पडत असे. याउलट टपाल नेणारा, यात्रेकरू, सोयऱ्याधायऱ्यांकडे निघालेली बाईमाणसे आणि सरकारी शिपाई यांना बाराही महिने वाट तुडवावी लागे. त्यांच्यासाठी पक्के छप्पर हवे असे, आणि ते बहुधा देवाचे असे. चंदगडचे ग्रामदैवत रवळनाथ आहे. रवळनाथाची स्थाने घाटाच्या वर आणि खाली, दक्षिण कोकणात व गोमंतकात, सर्वत्र आढळतात. वरचा माणूस खाली उतरला किंवा खालचा वर आला, तरी त्याला ओळखीच्या देवाच्या सभामंडपात पाठ टेकता येत असे. गवताने शाकारलेले उतरते छप्पर, जांभ्या चिऱ्याचे जोते, तिन्ही बाजूंनी खुला मंडप आणि जवळ पाणी, ही देवळाची रचना वाटसरूच्या गरजेशी तंतोतंत जुळते. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेत वाळून टणक होतो. त्यामुळे असे जोते स्थानिक कारागिरांच्या बळावर उभे राहू शकत असे. मंगळुरी कौले एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आली आणि मग गवत हळूहळू मागे पडले.

विस्तव, चारा आणि राखणदार या तीन गोष्टींचे मूळ मात्र वास्तूत नाही, माणसात आहे; आणि येथे वतनपद्धतीचा विचार अपरिहार्य होतो. देवळाची झाडलोट गुरवाकडे असे. परंतु आलेल्या वाटसरूला, विशेषतः सरकारी माणसाला, सरपण व वैरण पुरविणे, त्याचे ओझे पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोहोचविणे, रानातून वाट दाखविणे, रात्री जाग ठेवणे, ही कामे महाराकडे होती. वेशीवर पहारा करणारा म्हणून त्याला वेसकर म्हणत. गावच्या सीमा त्यालाच ठाऊक असत. ज्या माणसावाचून ही सारी व्यवस्था एक रात्रही चालली नसती, त्याला ज्या छपराखाली त्याने वाटसरूला आणून सोडले, त्या छपराखाली बसता येत नव्हते. महाराष्ट्रातील पांथनिवासाच्या इतिहासातील सर्वांत मोठी विसंगती हीच होय. ही वतने १९५८ च्या मुंबई कनिष्ठ ग्रामवतन निर्मूलन कायद्याने नाहीशी झाली.

६. प्रवेशाचा प्रश्न

निवाऱ्यात कोणाला घ्यावयाचे, हा प्रश्न केवळ महाराष्ट्राचा नव्हता. चौदाव्या शतकात मलबारातून गेलेल्या इब्न बतूताने वाटेवर अर्ध्या अर्ध्या मैलावर ओट्यांची लाकडी घरे आणि विहिरी असल्याचे लिहिले आहे. तेथील हिंदू राखणदार हिंदूंना भांड्यातून पाणी देई आणि मुसलमानांच्या ओंजळीत वरून ओती, ही नोंदही तो करतो. शेरशहाने १५४० ते १५४५ या अल्प कारकिर्दीत दर दोन कोसांवर सराया बांधविल्या. त्यांत हिंदू व मुसलमान यांच्यासाठी वेगवेगळी सोय होती. या दोन्ही ठिकाणी पाण्याची रीत भिन्न होती. पाणी नाकारलेले नव्हते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वाटसरूच्या बाबतीत ते नाकारले जात असे.

इंग्रजी अमलात बांधलेल्या बंगल्यांनी हा प्रश्न सोडविला नाही. त्यांत खानसामा होता, पलंग होता, परंतु ते मुख्यतः साहेबासाठी व अधिकाऱ्यासाठी होते. देशी वाटसरूसाठी धर्मशाळाच राहिली. रेल्वे आली तेव्हा वाटा बदलल्या. १८८० च्या दशकात बेळगाव आणि मुरगावकडे जाणारे लोहमार्ग झाले आणि वेंगुर्ल्याकडे उतरणारा तांडा ओसरू लागला. मात्र स्थानकावर उतरल्यानंतरची वाट जुनीच राहिली, हे १९०१ च्या एका प्रवासावरून दिसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या वेळी दहा वर्षांचे होते. वडिलांच्या भेटीस निघालेली ही मुले सातारा जिल्ह्यातील मसूर स्थानकावर उतरली. जात कळल्यावर त्यांना गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकून ती निघाली. रात्री ती नाक्यावर पोहोचली. जवळ शिधा होता, पाणी नव्हते. आपण मुसलमान असल्याचे सांगूनही नाकेदाराने पाणी दिले नाही, आणि भरलेला डबा जवळ असता मुले उपाशी निजली. आंबेडकरांनी हा प्रसंग पुढे आपल्या इंग्रजी आठवणींत लिहिला. वाटेवरचे घर होते, विस्तव होता, राखणदार होता. तरीही त्या मुलांपुरते ते रण होते.

या स्थितीस कायद्याचे उत्तर दोन टप्प्यांनी मिळाले. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, कचेऱ्या आदी स्थाने अस्पृश्यांस खुली असल्याचे हुकूम काढले. चंदगड त्या वेळी ब्रिटिश मुलखात असल्याने हे हुकूम तेथे लागू नव्हते. तेथे लागू होणारा ठराव मुंबई कायदेमंडळाचा. सी. के. बोले यांनी मांडलेला हा ठराव ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्य वर्गास खुल्या असाव्यात, असे त्यात म्हटले होते. पाणवठ्याबरोबर धर्मशाळेचा स्पष्ट उल्लेख त्यात असणे हे अर्थपूर्ण आहे, कारण वाटसरूच्या बाबतीत या दोन गोष्टी एकच होत. ठरावाचा अंमल आपोआप झाला नाही, हे २० मार्च १९२७ च्या महाड येथील चवदार तळ्याच्या सत्याग्रहाने सर्वांच्या प्रत्ययास आणून दिले.

कायद्याच्या जोडीने एक दुसरे उत्तरही महाराष्ट्रात उभे राहिले. गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांनी लोकांकडून वर्गणी जमवून तीर्थक्षेत्री धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांपैकी होय. ज्यांना इतर धर्मशाळांत जागा नव्हती, त्यांच्यासाठी ती होती. १९४९ मध्ये त्यांनी ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. अहिल्याबाई होळकरांनी (१७२५–१७९५) देशभर बांधलेल्या घाट, विहिरी व धर्मशाळा यांच्यामागे राज्यकर्तीचे दातृत्व होते. गाडगे महाराजांच्या धर्मशाळांमागे वाटसरूंनीच वाटसरूंसाठी दिलेला पैसा होता. उषवदाताने विणकरांच्या श्रेणीकडे सोपविलेला प्रश्न, म्हणजे घर चालवावयाचे कोणी, त्याचे हे वेगळे उत्तर होते. आणि घर कोणासाठी, या प्रश्नाचे उत्तर त्यात प्रथमपासून अंतर्भूत होते.

७. समारोप

स्वातंत्र्योत्तर काळात चंदगडच्या वाटांचे रूप पालटले. एस. टी. आली, पक्के रस्ते झाले, तिलारीच्या पाण्यापासून वीज निर्माण होऊ लागली. देवळाच्या मंडपात रात्र काढण्याची गरज उरली नाही. पर्यटनाच्या निमित्ताने आज पुन्हा घाटमाथ्यावर प्रवाशांसाठी घरे उभी राहत आहेत. गावापासून आणि विजेच्या तारांपासून दूर असलेले, सूर्यप्रकाशावर दिवे लावणारे आणि पावसाचे पाणी साठविणारे घर हा त्यांचा आदर्श सांगितला जातो. हा आदर्श नवा वाटला तरी त्याची कोडी जुनीच आहेत. जांभ्यात साठविलेले पाणी गळते, ही अडचण सिमेंटच्या टाकीने दूर होईल. विस्तवाची जागा सौर पट्टिका घेईल. परंतु ती टाकी दरवर्षी मृगापूर्वी धुवावी लागेल, पट्टिकेवरचे शेवाळ पुसावे लागेल, आणि आडवेळी आलेल्या माणसाला दार उघडावे लागेल. ही कामे करणाऱ्याचा मोबदला कोठून येणार, याची तरतूद नसेल, तर पुष्कळ जुन्या धर्मशाळांची जी गत झाली, तीच यांची होईल.

पारगडाचे उदाहरण या दृष्टीने विचारार्ह आहे. सत्ता गेल्या, गडाचे लष्करी प्रयोजन संपले, तरी मालुसरे आदी घराण्यांचे वंशज गडावर राहत आले. त्यामुळे तेथील देऊळ, वाट आणि पाणी टिकून राहिले. जे दुर्ग मजबूत बांधणीचे असूनही निर्मनुष्य झाले, त्यांची टाकी गाळाने भरली. वास्तू माणसाला राखते हे खरे. पण माणूस नसेल तर वास्तू राहत नाही, हे त्याहून खरे.

तात्पर्य, चंदगडसारख्या टापूतील वाटसरूच्या घराचा इतिहास हा स्थापत्याचा इतिहास थोडा आणि व्यवस्थेचा इतिहास फार आहे. पोढी खोदणाऱ्याचे नाव शिलालेखात राहिले. पोईवर बसून पाणी ओतणाऱ्याचे, वैरण आणणाऱ्या वेसकराचे नाव कोठे लिहिले गेले नाही. भाषेने मात्र दोघांचे शब्द जपले आहेत. महसुली दफ्तरे, ग्रामदेवतांच्या इनामांच्या नोंदी आणि चंदगडी बोलीतील वाट, पाणी व मुक्काम यांविषयीचा शब्दसंग्रह एकत्र मांडला, तर या विस्मृत राखणदारांचा इतिहास अधिक तपशिलाने लिहिता येईल. जुन्या वाटांनी स्वतः चाललेली वयोवृद्ध माणसे आहेत, तोवर बोलीतील शब्दसंग्रहाचे काम प्रथम हाती घेणे इष्ट होय.